पॅरागॉन्स, ट्रेझर आइल, १९६६–६८: सिंगल्स डिजिटल करण्याच्या प्रकल्प नोंदी

४ मे २०२५

व्याप्ती ठरली. ‘द पॅरागॉन्स’ या जमैकातल्या किंग्स्टनच्या गायक त्रिकुटाने निर्माता ड्यूक रीडसाठी त्याच्या ट्रेझर आइल स्टुडिओत १९६६ ते १९६८ या काळात गायलेल्या सिंगल्स. फक्त सात इंची, ४५ फेऱ्यांच्या, आणि शक्य तिथे जमैकात दाबलेल्या (साच्यातून काढलेल्या) प्रती. त्याआधी कॉक्सन डॉड या दुसऱ्या निर्मात्याच्या स्टुडिओ वनसाठी केलेलं काम आणि गटातल्या जॉन होल्टची नंतरची एकल कारकीर्द या यादीत नाही.

गटाची घडण थोडक्यात, म्हणजे श्रेयनामावली भरताना गोंधळ नको. सुरुवातीला गार्थ ‘टायरोन’ एव्हान्स, बॉब अँडी, ज्युनियर मेन्झ आणि लेरॉय स्टँप. मेन्झच्या जागी हॉवर्ड बॅरेट आला, स्टँपच्या जागी जॉन होल्ट. बॉब अँडी स्वतंत्र गायला लागल्यावर होल्ट, एव्हान्स, बॅरेट हे तिघे उरले, आणि ट्रेझर आइलवर ऐकू येतात ते हेच. ट्रेझर आइलच्या नोंदींत बॉब अँडीचं नाव सवयीने टाकू नये.

हाच काळ निवडण्याचं कारण संगीतातच आहे. १९६६ च्या उत्तरार्धात स्का या जलद जमैकन नृत्यसंगीताची धावपळ ओसरली, चाल संथ झाली आणि त्यातून रॉकस्टेडी निघाली. स्कामध्ये बेस पायरीपायरीने सतत चालत राहतो. रॉकस्टेडीत तो छोटी वाक्यं बोलतो आणि मध्ये गप्प बसतो. ड्रमचा घाव तिसऱ्या मात्रेवर. पियानो आणि गिटार ऑफबीटला (मात्रांच्या मधल्या जागी) छाटून वाजतात आणि लगेच थांबतात. या मोकळ्या जागेत तीन गळ्यांची हार्मनी बसते. नावाचं श्रेय अल्टन एलिसच्या १९६७ च्या ‘रॉक स्टेडी’ला जातं, पहिली रॉकस्टेडी रेकॉर्ड कोणती, या वादात होपटन लुइसच्या ‘टेक इट ईझी’चं नाव सर्वांत जास्त वेळा येतं. तो वाद इथे सोडवायचा नाही.

आपल्यापुरता मुद्दा असा: या संगीतात रिकाम्या जागा भरपूर आहेत, आणि रेकॉर्डची खरखर नेमकी त्याच जागांत ऐकू येते. स्काच्या गलक्यात जी टिकटिक लपते ती इथे उघडी पडते. म्हणून साफसफाईचा मोह जास्त, आणि साफसफाईचे ओरखडेही त्याच रिकाम्या जागांत दिसतात. पुढचे सगळे निर्णय या कसोटीवर.

११ मे

प्रतींची यादी. प्रत्येक बाजूसाठी आधी रनआउट वाचायचं, मग लेबल. शेवटच्या खाचेपासून लेबलपर्यंतच्या कोऱ्या पट्टीत मॅट्रिक्स क्रमांक कोरलेला असतो. जमैकन प्रतींवर तो बहुधा हाताने खरवडलेला, ब्रिटिश प्रतींवर यंत्राने ठोकलेला. तिरका प्रकाश हवा. टेबल दिवा रेकॉर्डच्या पातळीला आणून, रेकॉर्ड सावकाश फिरवत वाचणे. फोटो काढताना फ्लॅश बंद.

लेबलवर विसंबून चालत नाही. ड्यूक रीडची गाणी ट्रेझर आइल, ड्यूक रीड, डचेस अशा वेगवेगळ्या लेबलांवर निघाली. कोरं पांढरं लेबल लावून, त्यावर रबरी शिक्का मारून किंवा पेनाने लिहून प्रती आधी साउंड सिस्टमवाल्यांकडे (मोठे स्पीकर लावून नाच भरवणाऱ्यांकडे) जात. शिवाय एका बाजूला पॅरागॉन्स आणि उलट बाजूला टॉमी मकुक अँड द सुपरसॉनिक्सची वाद्यधून हा नेहमीचा प्रकार, त्यात लेबलं अदलाबदल होऊन चिकटलेली सापडतात. गाणं ऐकून खात्री झाल्याशिवाय शीर्षक पक्कं करायचं नाही.

दुसरी अडचण पुनर्मुद्रणांची. १९७५ मध्ये रीड वारला, आणि त्याच्या संग्रहाचा ताबा सोनिया पॉटिंजरकडे गेला. लोकप्रिय बाजू सत्तरच्या दशकात पुन्हा दाबल्या गेल्या. मॅट्रिक्स तोच असला तरी प्रत १९६७ ची आहे असं सिद्ध होत नाही. साचा तोच, दाब नंतरचा. यादीत दोन रकाने केले: ‘कापणी’, म्हणजे टेपवरून मूळ चकतीत खाच कोरली ती वेळ, आणि ‘दाब’, म्हणजे साच्यातून प्रत काढली ती वेळ. दाबाचं वर्ष लेबलची छपाई, रंग आणि प्लॅस्टिकची जाडी यावरून ठरवायचं, आणि अंदाज असेल तर तिथे ‘अंदाजे’ लिहायचं.

१८ मे

धुलाई. द्रावण एक लिटरचं: ऊर्ध्वपातित पाणी ८५० मिली, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल १५० मिली, फोटो धुण्याच्या वेटिंग एजंटचे चार-पाच थेंब. वेटिंग एजंट जास्त झाला तर खाचेत थर बसतो आणि सुईवर पांढरा गोळा जमतो. नळाचं पाणी अजिबात नको, क्षार खाचेतच वाळतात.

क्रम: कोरड्या ब्रशने सुटी धूळ, मग द्रावण, खाचेच्या दिशेने मऊ ब्रश, दोनेक मिनिटं मुरू देणे, निर्वात शोषणाने ओढून घेणे. त्यानंतर नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्याने दुसरा हात आणि पुन्हा शोषण. हा दुसरा हात लोक गाळतात आणि मग ‘धुऊनही खरखर आहे’ म्हणतात.

लेबल झाकणं सक्तीचं. शिक्क्याची शाई आणि बॉलपेन दोन्ही अल्कोहोलमध्ये विरघळतात, आणि कोऱ्या लेबलच्या प्रतीवर तो शिक्का हाच एकमेव पुरावा असतो. दोन रबरी चकत्यांमध्ये लेबल दाबून मगच द्रावण लावायचं. ४५ च्या मोठ्या भोकामुळे चकत्या नीट बसत नाहीत, आतून पाणी शिरतं. भोकात आधी अडॅप्टर बसवून घ्यायचा. अशा प्रतींचा लेबलचा फोटो धुण्याआधीच काढून ठेवायचा.

काही जमैकन प्रतींचं व्हायनल जुन्या रेकॉर्डी वितळवून केलेलं असतं. त्यात बारीक कण, कधी कागदाचे तंतूही अडकलेले दिसतात. हा आवाज धुऊन जाणारा नाही, तो मटेरियलचाच आहे. एकदा नीट धुतल्यावर फरक पडला नाही तर घासत बसू नये.

आणखी एक. पावसाळा तोंडावर आहे. कागदी पाकिटांतून रेकॉर्ड्स काढून पॉलिथिन अस्तराच्या पाकिटांत घातल्या, मूळ पाकिटं वेगळी ठेवली. बुरशी आधी कागदाला लागते, मग खाचेत उतरते.

२५ मे

केंद्र. जमैकन सिंगल्सची सर्वांत मोठी यांत्रिक खोड म्हणजे भोक मध्यावर नसणं. रेकॉर्ड दर फेरीला एकदा जवळ-लांब होते आणि सूर हलतो. ४५ फेऱ्यांना एक फेरी १.३३ सेकंदांची, म्हणजे हा हेलकावा ०.७५ हर्ट्झचा.

किती हलतो ते हिशेबाने कळतं: केंद्राचा फरक भागिले खाचेची त्रिज्या. अर्धा मिलिमीटर फरक आणि ६० मिमी त्रिज्या धरली तर ०.८३ टक्के, म्हणजे दोन्ही बाजूंना सुमारे १४ सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). बाहेरच्या ८० मिमी त्रिज्येवर तोच फरक ११ सेंट. गाणं शेवटाकडे सरकतं तसा दोष वाढत जातो. छाटलेल्या गिटारमध्ये हे कळत नाही. लांब धरलेल्या हार्मनीत लगेच कळतं, तिघेही एकदम लडखडल्यासारखे वाटतात.

उपाय सॉफ्टवेअरचा नको, हाताचा. अडॅप्टर काढून टाकायचा. भोक सुमारे ३८ मिमी, मधली दांडी ७ मिमीची, त्यामुळे रेकॉर्ड हवी तशी सरकवता येते. रनआउटच्या बंद खाचेत सुई ठेवून सुई धरणाऱ्या टोनआर्मचं डोकं बघायचं: ते एकूण एक मिलिमीटर डोलत असेल तर केंद्र अर्धा मिलिमीटर चुकलंय. सुई उचलून रेकॉर्ड किंचित सरकवायची, पुन्हा बघायचं, डोलणं डोळ्याला दिसेनासं होईपर्यंत. खाली पातळ रबरी मॅट हवी, वाटोळ्या फेल्टवर सिंगल घसरते. भोक सहसा दोन्ही बाजूंना सारखंच चुकलेलं नसतं, कारण दोन साचे वेगवेगळे बसवलेले असतात. उलट बाजूला पुन्हा सगळं पहिल्यापासून.

१ जून

सुई. मोनो रेकॉर्ड म्हणून मोनो कार्ट्रिज (सुईची हालचाल विजेत बदलणारा भाग) वापरावं, असं पुष्कळ जण सांगतात. ऐकण्यासाठी ठीक, संग्रहासाठी नाही. स्टिरिओ कार्ट्रिज खाचेच्या दोन्ही भिंती वेगळ्या नोंदवतं. एक भिंत जास्त झिजलेली असेल तर दुसरी वापरता येते. टिकटिक एकाच भिंतीवर असेल तर तिथेच दुरुस्त करता येते. दोन्ही भिंती चांगल्या असतील तर बेरीज करायची. संगीत दोन्हीकडे सारखं असतं आणि खरखर वेगवेगळी, त्यामुळे सुमारे ३ डेसिबल फायदा मिळतो. मोनो कार्ट्रिज हा निर्णय आधीच घेऊन टाकतं.

गोल टोकाच्या दोन सुया: ०.७ मिल म्हणजे १८ मायक्रॉन, आणि १ मिल म्हणजे २५ मायक्रॉन. जाडी बदलली की सुई खाचेत वेगळ्या उंचीवर टेकते. ज्यूकबॉक्स आणि साउंड सिस्टमच्या जड सुयांनी ज्या उंचीवर खाच खाल्ली आहे तिच्या वर किंवा खाली अजून न झिजलेली भिंत सापडते. कुठली सुई चांगली याला नियम नाही. प्रत्येक बाजूचा पहिला अर्धा मिनिट दोन्ही सुयांनी घेऊन तुलना. भार २.५ ते ३ ग्रॅम. झिजलेल्या रेकॉर्डला जपायचं म्हणून भार कमी करणं ही उलटी काळजी आहे: सुई भिंतीवरून उडते, आपटते आणि खाच आणखी खराब होते.

आतल्या खाचांची फरफर मात्र सुई बदलून पूर्ण जात नाही. बाहेर ८४ मिमी त्रिज्येवर खाच सुईखालून सेकंदाला जवळजवळ ४० सेंटिमीटर धावते, आत ५४ मिमीवर फक्त २५. तेवढेच उंच सूर कमी लांबीत कोंबलेले असतात, आणि होल्टचा ‘स’ तिथे फाटतो.

८ जून

फोनो प्रीअँप, म्हणजे कार्ट्रिजचा क्षीण आवाज वाढवणारं यंत्र, तपासला. आरआयएए वक्राचे (कापताना घटवलेला बेस आणि वाढवलेले वरचे सूर पूर्ववत करणाऱ्या प्रमाणाचे) तीन कालांक, ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद, बरोबर आहेत. पण या प्रीअँपला आयईसी मानकाची, २० हर्ट्झच्या आसपासचे खालचे सूर घटवणारी जादा गाळणी होती, मागच्या स्विचने बंद होणारी. ती चालू असेल तर ४१ हर्ट्झला सुमारे ०.९ डेसिबल जातात. पॉप रेकॉर्डला हा फरक क्षुल्लक. इथे बेस हेच गाण्याचं दुसरं तोंड आहे. बंद केली.

मग घुमघुम. सुई उचललेली असताना ५०, १०० आणि १५० हर्ट्झला टोकं दिसत होती. टोनआर्मची अर्थ वायर प्रीअँपच्या अर्थला घट्ट केली, लॅपटॉप बॅटरीवर चालवला, प्रीअँपचा ट्रान्सफॉर्मर कार्ट्रिजपासून हात-दीड हात लांब नेला. टोकं खरखरीच्या पातळीखाली गेली.

हे तारांच्या पातळीवरच सोडवायचं, कारण नंतर ५० हर्ट्झची खाचगाळणी (तेवढीच अरुंद पट्टी काढणारी) लावणं इथे घातक आहे. बेसच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा ‘ई’ ४१.२ हर्ट्झ आणि त्याच तारेवर तिसऱ्या पट्टीचा ‘जी’ ४९.० हर्ट्झ. गाळणीने घुमघुम जाते आणि तिच्याबरोबर बेसवादक जॅकी जॅक्सनचा एक सूर. ओळीतला तेवढाच सूर पोकळ वाजतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं वादक चुकला.

टर्नटेबलच्या घरघरीसाठी २० हर्ट्झच्या खाली तीव्र उताराची गाळणी, तीही ऐकण्याच्या प्रतीतच, जतनाच्या मूळ फाइलमध्ये नाही.

१५ जून

नोंदणीचे आकडे ठरले. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन चॅनेल. मिनिटाला ३४.५६ मेगाबाइट, पावणेतीन मिनिटांच्या बाजूला ९५. संगीताला ९६ किलोहर्ट्झची गरज नसली तरी टिकटिकीला आहे: वरच्या पट्टीत ती टोकदार राहते आणि शोधणाऱ्या प्रोग्रॅमला संगीतापासून वेगळी ओळखता येते. संगीताची शिखरं उणे १० डेसिबलच्या आसपास. मोठा ओरखडा शिखरापलीकडे उसळतो, त्याला जागा ठेवायची. सुई खाली टेकण्याआधीपासून उचलेपर्यंत सगळं घ्यायचं. सुरुवातीच्या कोऱ्या खाचेतला आवाज पुढे नमुना म्हणून लागतो.

२९ जून

वाकलेल्या प्रती. दोन ५ मिमी काचांमध्ये, वर सपाट वजन, घरातल्याच तापमानाला. उष्णता देऊन सपाट करण्याचे प्रयोग एकुलत्या प्रतीवर करायचे नाहीत.

६ जुलै

पॅरागॉन्सचं ‘ऑन द बीच’. या प्रकल्पातली सर्वांत महत्त्वाची बाजू, आणि कारण फक्त गाणं नाही.

स्टुडिओ कसा होता ते आधी. किंग्स्टनमध्ये ३३ बाँड स्ट्रीटवर रीडचं दारूचं दुकान, ट्रेझर आइल लिकर्स. वरच्या मजल्यावर लाकडी स्टुडिओ. माजी पोलीस, दारूविक्रेता, ‘ट्रोजन’ साउंड सिस्टमचा मालक आणि निर्माता, असा हा माणूस. खाली दुकानात स्पीकर लावून वरचं गाणं ऐकायचा असं सांगतात. ध्वनिमुद्रक बायरन स्मिथ. वाजवणारे सुपरसॉनिक्स: टॉमी मकुकचा टेनर सॅक्सोफोन, जॅकी जॅक्सनचा बेस, ह्यू माल्कमचे ड्रम, विन्स्टन राइटचं ऑर्गन. त्या काळात लिन टेट या त्रिनिदादच्या गिटारवादकाचा प्रभाव किंग्स्टनच्या सगळ्याच स्टुडिओंवर होता: बेसची ओळ गिटारवर, तारा तळहाताने दाबून, बेसबरोबरच वाजवायची. तो स्टीलपॅनवर वाढलेला वादक, आणि ते त्याच्या तुटक उचलीत ऐकू येतं.

आता मुद्दा. १९६७-६८ च्या सुमारास स्पॅनिश टाउनचा साउंड सिस्टमवाला रडी रेडवुड रीडकडून खास प्रती कापून घ्यायचा. एकदा स्मिथने ‘ऑन द बीच’ कापताना गायनाचा ट्रॅक उघडलाच नाही आणि नुसती वाद्यं कापली गेली. रेडवुडने ती तशीच नाचाला वाजवली. गाणं सगळ्यांना पाठ होतं, लोकांनी स्वतःच गायलं. त्यातून ‘व्हर्जन’ ही चाल पडली, सिंगलच्या उलट बाजूला वाद्यांची आवृत्ती द्यायची. १९७० मध्ये यू-रॉय या डीजेने ट्रेझर आइलच्या जुन्या वाद्यपट्ट्यांवर बोलायला सुरुवात केली, आणि पुढे डबचा, म्हणजे गायन काढून वाद्यपट्ट्यांशी खेळणाऱ्या संगीताचा, रस्ता इथूनच निघाला.

आपल्याला यातून कामाची गोष्ट मिळते: टेपवर गायन आणि वाद्यं वेगळी होती. पुरावा कानाने तपासता येतो. यू-रॉयच्या ‘वेअर यू टू द बॉल’मध्ये पॅरागॉन्सचं मूळ गायन मध्येच येतं, मध्येच गायब होतं, आणि ते गेलं तरी वाद्यांना धक्का लागत नाही. एकाच ट्रॅकवर सगळं असतं तर हे शक्य नव्हतं.

याचा दुसरा अर्थ असा की सिंगलवर गळा आणि बेस यांचं जे प्रमाण ऐकू येतं ते कोणीतरी कापणीच्या वेळी जाणीवपूर्वक ठरवलेलं आहे. गळा किंचित मागे, बेस पुढे, हे नाचाच्या मैदानावरच्या मोठ्या पेट्यांसाठी केलेलं मिश्रण. गळा ‘स्वच्छ’ करण्यासाठी मधल्या पट्टीत दोन डेसिबल उचलणं म्हणजे त्या निर्णयावर बोट फिरवणं. संग्रहाच्या प्रतीत इक्वलायझर शून्य, ऐकण्याच्या प्रतीतही शून्य. ज्याला हवं त्याने आपल्या अँपवर फिरवावं.

खास कापलेल्या डबप्लेटबद्दल टीप: ती दाबलेली नसते, धातूच्या चकतीवरच्या मऊ लॅकरमध्ये थेट कापलेली असते. प्रत्येक वाजवणीला वरचे सूर झिजतात. अशी प्रत हाती आली तर सुयांची तुलना, केंद्राचे प्रयोग वगैरे तिच्यावर करायचे नाहीत. सगळं आधी दुसऱ्या रेकॉर्डवर बसवून घ्यायचं. आणि तिला अल्कोहोल लावायचं नाही, लॅकर विरघळतं.

२० जुलै

टिकटिक काढणे. क्रम महत्त्वाचा: आधी दोन चॅनेलवर वेगवेगळी टिकटिक काढायची, मग त्यांची वेळ जुळवायची, मग बेरीज. आधी बेरीज केली तर एका भिंतीची टिकटिक दुसऱ्या भिंतीच्या स्वच्छ आवाजात मिसळते.

स्वयंचलित प्रोग्रॅम या संगीतात तीन ठिकाणी फसतो. पहिलं, तिसऱ्या मात्रेवरचा ड्रमच्या कडेचा ठोका: कोरडा, आखूड, टोकदार, म्हणजे प्रोग्रॅमच्या दृष्टीने हुबेहूब टिकटिक. दुसरं, छाटलेल्या गिटारचा ‘चक्’. तिसरं, ब्रास: ट्रंपेटच्या लहरीला नियमित टोकं असतात, ती कापली की आवाजाला फाटक्या कागदाची किनार येते. संवेदनशीलता वाढवत नेली की तिसरी मात्रा हळूहळू विरत जाते, आणि गाणं लंगडं का वाटतंय ते कळतच नाही.

पद्धत अशी ठेवली: प्रोग्रॅम कमी संवेदनशीलतेवर एकदा, फक्त मोठ्या ओरखड्यांसाठी. मग काढलेला भाग वेगळ्या फाइलमध्ये घेऊन तो ऐकायचा. त्यात ठेका ओळखता आला तर संवेदनशीलता जास्त आहे. बाकीची टिकटिक हाताने, लहरीवर एकेक निवडून. वेळखाऊ आहे, पण या बाजू तीन मिनिटांपेक्षा लहान आहेत.

सतत खरखर कमी करणाऱ्या प्रोग्रॅमलाही हीच चाचणी. तो सर्वांत आधी काय खातो? मागच्या दोघांची श्वासभरली ‘ऊ’. लांब, मऊ, वरच्या पट्टीत हवा मिसळलेली. खरखरीशी तिचं साम्य जास्त. काढलेल्या फाइलमध्ये एव्हान्स आणि बॅरेट पुसट गाताना सापडले की मागे फिरायचं. ४ डेसिबलच्या पुढे जायचं नाही असं ठरलं. बहुतेक बाजूंना हा टप्पाच वगळला. खरखर एकसारखी असेल तर कान तिला अर्ध्या मिनिटात विसरतो. ती बेसच्या गप्प जागी नाहीशी होऊन सुरावर परत उगवली तर कधीच विसरत नाही.

३ ऑगस्ट

‘द टाइड इज हाय’. होल्टची रचना, १९६७. ‘ओन्ली अ स्माइल’च्या उलट बाजूला निघालेली, जगाला ती ठाऊक झाली १९८० मध्ये ब्लाँडी या अमेरिकी बँडमुळे. रॉकस्टेडीत क्वचित दिसणारं व्हायोलिन इथे आहे, वादकाचं नाव ‘व्हाइट रम’ रेमंड असं नोंदलेलं सापडतं. व्हायोलिन म्हणजे केंद्राच्या चुकीची परीक्षाच. इतर बाजूंवर चालून गेलेला हेलकावा इथे चालणार नाही, म्हणून केंद्र पुन्हा जुळवून ही बाजू नव्याने घेतली.

जमैकन आणि ब्रिटिश दोन्ही प्रती उपलब्ध आहेत. ब्रिटिश प्रतीचं प्लॅस्टिक शांत, तरी तीच मूळ मानावी असं नाही. त्या काळात लंडनला टेपऐवजी कधी रेकॉर्डच पाठवली जाई आणि तिच्यावरून नवी कापणी होई. ओळखायची रीत: त्याच दाबाच्या दोन वेगळ्या प्रती घ्यायच्या. एखादी टिकटिक दोन्हींत नेमक्या त्याच जागी असेल तर ती प्रतीची नाही, साच्यात किंवा त्याही आधीची आहे. अशा टिकटिकी १.३३ सेकंदांच्या अंतराने ओळीने येत असतील आणि हातातल्या रेकॉर्डवर त्या जागी ओरखडा दिसत नसेल, तर आपण रेकॉर्डवरून घेतलेली रेकॉर्ड ऐकतोय. नोंदीत तसं स्पष्ट लिहायचं.

दोन प्रतींची सरासरी काढून खरखर घटवण्याची कल्पना कागदावर छान आहे. ९६ किलोहर्ट्झला एक सँपल १०.४ मायक्रोसेकंदांचा, दोन प्रती फक्त पाच सँपलनी सरकल्या तरी १० किलोहर्ट्झच्या आसपास सूर एकमेकांना खोडतात. दोन वाजवणींत वेग इतका तंतोतंत सारखा राहत नाही. त्यामुळे सरासरी नाही. एका प्रतीवर खोल ओरखडा असेल तर तेवढाच तुकडा दुसऱ्या प्रतीतून, आणि जोड शक्यतो ड्रमच्या ठोक्यावर, म्हणजे तो झाकला जातो. कुठून कुठपर्यंत जोडलं ते मिलिसेकंदात लिहून ठेवायचं.

१७ ऑगस्ट

सुराची उंची. ४५ वर वाजवल्यावर गाणं कुठल्याच पट्टीत नेमकं बसत नाही, मधेच लटकतं. दुरुस्त करावं का?

आपल्या टर्नटेबलचा वेग आधी तपासला, स्ट्रोबच्या लुकलुकत्या प्रकाशाने. तो बरोबर असेल तर उरतात टेपयंत्र, कापणीचं यंत्र आणि स्टुडिओतला पियानो. तिन्हींपैकी कोणीही ४४० हर्ट्झच्या प्रमाण ‘ए’ची शपथ घेतलेली नाही. पियानोला वाद्यं जुळवली की सगळा ताफाच खाली-वर असतो, आणि तो दोष नव्हे.

तुलनेला एक सोय आहे. यू-रॉयच्या १९७० च्या आवृत्त्या त्याच वाद्यपट्ट्यांवर आहेत. एकच टेप, दोन वेगळ्या कापण्या. दोन्हींतून तोच बेसचा सूर मोजायचा. दोन्ही जुळले तर ताफाच तसा सुरावलेला असण्याची शक्यता जास्त. न जुळले तर एखादं यंत्र हललं होतं. नियम ठरवला: फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर हात लावायचा नाही. जास्त असेल तर मूळ फाइल तशीच, ऐकण्याच्या प्रतीत दुरुस्ती, आणि दुरुस्तीचा आकडा नावात. मोजायला लांब धरलेला सूर हवा. गळा नको, तो सुरावर सरकत येतो.

३१ ऑगस्ट

श्रेयनामावली. लेबलवर वादकांची नावं नसतात, असलाच तर ‘टॉमी मकुक अँड द सुपरसॉनिक्स’ एवढाच उल्लेख. ताफ्यातली माणसं बदलत. पियानोवर ग्लॅडस्टन अँडरसन, गिटारवर कधी अर्नेस्ट रँगलिन, ट्रंपेटवर वेगवेगळे लोक. त्यामुळे ‘या गाण्यावर अमुक वाजवतो’ आणि ‘या ताफ्यात अमुक वाजवत असे’ हे दोन वेगळे रकाने. पहिला बराचसा रिकामा राहील, राहू दे. इंटरनेटवरच्या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. पाच ठिकाणी एकच नाव दिसलं म्हणजे पाच साक्षी झाल्या असं नाही.

रचनाकाराच्या रकान्यातही जपून. लेबलवर निर्मात्याचं नाव रचनाकार म्हणून छापण्याची पद्धत होती. आणि अमेरिकी सोल गाण्यांवरून केलेल्या बाजू मूळ नाव बदलून निघत.

ब्रिटिश लेबलांची गल्लत टाळायला: ‘ट्रोजन’ हे नाव रीडच्या साउंड सिस्टमचं आणि तिच्या पेट्या वाहणाऱ्या ट्रकचं. लंडनमध्ये ते लेबल १९६७ मध्ये रीडच्याच निर्मितींसाठी निघालं आणि १९६८ मध्ये नव्या रूपात आलं, त्यात ली गॉप्थल हा भारतीय वंशाचा जमैकन आणि आयलंड लेबलचा क्रिस ब्लॅकवेल. पॅरागॉन्सच्या बाजू डॉक्टर बर्ड, आयलंड आणि ब्रिटिश ट्रेझर आइल लेबलवरही आहेत. ब्रिटिश ट्रेझर आइल आणि जमैकन ट्रेझर आइल या यादीत दोन वेगळ्या नोंदी.

१४ सप्टेंबर

जतन. प्रत्येक बाजूच्या तीन फाइली: दोन चॅनेलची अस्पर्श मूळ, टिकटिक काढलेली मोनो, आणि ऐकण्याची प्रत ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटची. फाइलच्या नावात मॅट्रिक्स, प्रतीचा क्रमांक, सुईची जाडी, भार. ब्रॉडकास्ट वेव्ह या फाइलप्रकारात सोबत साठवता येणाऱ्या माहितीत धुलाई, प्रीअँपचा वक्र, केंद्र जुळवलं की नाही, कुठल्या प्रतीतून काय जोडलं. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल बदलली नाही हे तपासण्याचा आकडा) वेगळ्या यादीत, दोन डिस्कवर आणि तिसरी प्रत दुसऱ्या इमारतीत.

बाकी कामं: ‘हॅपी गो लकी गर्ल’ची जमैकन प्रत आतल्या खाचांत फार खाल्ली आहे, २५ मायक्रॉनच्या सुईने पुन्हा घ्यायची. ‘वेअर यू टू द बॉल’ची मूळ बाजू आणि यू-रॉयची बाजू एकाच बैठकीत, टर्नटेबल गरम झाल्यावर, लागोपाठ घ्यायची. मॅट नवी आणायची. जुनीची कड उचलली गेली आहे आणि केंद्र जुळवलेली सिंगल तिच्यावर सरकते.